जुन्या लिनक्स संगणकाचा प्रोसेसर पूर्ण वेगाने का चालत नाही, हे कसे शोधावे

जुना संगणक मंदावला की बरेच जण लगेच गव्हर्नर, म्हणजे प्रोसेसरचा वेग ठरवणारे लिनक्समधील धोरण, बदलून ‘परफॉर्मन्स’ लावतात. परंतु प्रोसेसरची फ्रीक्वेन्सी, म्हणजे चालण्याचा वेग, नेमके कोण रोखून धरत आहे, हे समजण्याआधी केलेला हा बदल बहुधा वाया जातो.

प्रथम टर्मिनलमध्ये ‘सीपीयूपॉवर फ्रीक्वेन्सी-इन्फो’ (cpupower frequency-info) ही आज्ञा रोमन अक्षरांत द्यावी. तिच्या उत्तरात ड्रायव्हरचे (वेग बदलणाऱ्या लिनक्समधील भागाचे) नाव, हार्डवेअरची मर्यादा आणि सध्या लागू असलेली मर्यादा दिसते. लागू मर्यादा हार्डवेअरपेक्षा कमी असेल, तर टीएलपीसारख्या वीजबचतीच्या प्रोग्रामची सेटिंग्ज तपासावीत. ड्रायव्हरच दिसत नसेल, तर बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) इंटेलचे स्पीडस्टेप किंवा एएमडीचे कूल अँड क्वाएट ही वेग बदलण्याची सोय बंद आहे का, ते पाहावे.

ड्रायव्हरचे नाव नीट वाचणे फार महत्त्वाचे आहे. कोअर टू ड्युओसारख्या प्रोसेसरवर सहसा एसीपीआय-सीपीयूफ्रेक असतो आणि तेथे ‘पॉवरसेव्ह’ हा गव्हर्नर म्हणजे कायम किमान वेग. याउलट 2011 च्या सँडी ब्रिज या इंटेल प्रोसेसरपासून पुढे इंटेल-पीस्टेट हा ड्रायव्हर सक्रिय पद्धतीत चालत असेल, तर त्याच नावाचा पर्याय कामाच्या भारानुसार वेग वाढवतो, त्यामुळे तेथे केवळ नाव पाहून तो बदलण्याचे कारण नाही.

आता उष्णतेकडे वळू, कारण मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढणाऱ्या नागपुरात ही शक्यता आधी धरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. संगणक सुरू केल्यावर काही वेळ नीट चालून जड कामात फ्रीक्वेन्सी घसरत असेल, तर ‘सेन्सर्स’ (sensors) या आज्ञेने तापमान पाहावे आणि कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदींत तापमानाची मर्यादा ओलांडल्याचा इशारा आहे का, ते ‘डीमेसेज’ (dmesg) या आज्ञेने शोधावे. तसे आढळल्यास संगणक बंद करून पंखा व हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांमधील धूळ काढावी आणि प्रोसेसर व हीटसिंक यांमधील वाळलेली थर्मल पेस्ट बदलावी. कूलरचा दमट झोत थेट यंत्रावर मात्र येऊ देऊ नये.

लॅपटॉप तापलेला नसतानाही किमान वेगावर अडकला असेल, तर चार्जर तपासावा. काही मॉडेलांत चार्जर ओळखला गेला नाही की फर्मवेअरच (यंत्रातच बसवलेले सॉफ्टवेअर) वेग रोखते आणि तेथे लिनक्समधील कोणतीही सेटिंग उपयोगी पडत नाही.

हे सर्व ठीक असेल, तरच गव्हर्नर बदलावा. ‘ऑनडिमांड’ किंवा कर्नल 4.7 पासून आलेला ‘शेडयुटिल’ रोजच्या कामासाठी पुरेसा आहे. आज्ञेने केलेला बदल संगणक पुन्हा सुरू केल्यावर टिकत नाही, म्हणून काही दिवस वापरून समाधान झाल्यावर तो सिस्टिमडीच्या (लिनक्स सुरू होताना सेवा चालू करणाऱ्या प्रोग्रामच्या) सर्व्हिसमध्ये नोंदवावा.