वाल, पावटा, घेवडा, वाटाणा: आधी आधार उभा करा, मग बी टोका

पाऊस उघडला, जमिनीला वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आला की दिवाळीपर्यंत सगळ्यांचीच वाटाणा-घेवडा टोकायची घाई सुरू होते आणि त्या घाईत आधाराचं काम हमखास मागे पडतं. बी उगवतं, वेल हातभर होतो, एकमेकांत गुंतून जमिनीवर लोळायला लागतो आणि मग आपण काठ्या शोधत फिरतो. तोवर उशीर झालेला असतो, कारण आता पहार मारली की मुळं तुटणार, गुंतलेला वेल सोडवायला गेलं की कोवळे शेंडे मोडणार, आणि शेंडा मोडला की बाजूची फूट येईपर्यंत वेल तिथंच अडून बसणार. थंडीचे दिवस मोजकेच असतात, त्यातले आठ-दहा दिवस असे घालवू नका. यावर्षी काठ्या आणि तार आधी आणा, उभं करा, आणि त्याच्या बुडाशी बी टोका.

पण कुठल्या वाणाला आधार लागतो ते आधी बघून घ्या, बियाण्याच्या पाकिटावर झुडूप की वेल ते लिहिलेलं असतं. अर्केल वाटाणा जेमतेम गुडघ्याएवढा होतो. घेवड्यात कंटेंडर, अर्का कोमल ही झुडपंच, चवळीत पुसा कोमल झुडूप, वालात कोकण भूषण आणि अर्का जय, अर्का विजय हे बुटके. साताऱ्याकडचा कोरेगावचा वाघ्या घेवडा, ज्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, तोही मांडवावर चढवायचा नाही, शेतात झुडपासारखाच घेतात. यांच्यासाठी मांडव घालायचा खर्च करू नका. नावांचा गोंधळ मात्र सांभाळा हं, पुण्याकडे श्रावण घेवडा म्हणतात तीच मुंबईत फरसबी, आणि नुसतं घेवडा म्हटलं की कुणी फरसबी देतं, कुणी वालपापडी. दुकानात नाव सांगून थांबू नका, वेल किती उंच जातो ते विचाराच.

आता वालाची एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण मांडव केवढा घालायचा ते यावरच ठरतं. आपला जुना गावठी वेली वाल दिवस लहान व्हायला लागले की फुलावर येतो. म्हणजे तुम्ही तो जूनमध्ये लावा नाहीतर ऑगस्टमध्ये, फुलं धरायची ती दसरा-दिवाळीच्या आसपासच. जूनमध्ये लावलेला वेल चार महिने नुसता वाढत राहतो, घराच्या पत्र्यावर जातो, शेवग्यावर चढतो, त्याला भक्कम मांडवच लागतो. तोच वाल आत्ता ऑक्टोबरात टोकला तर दिवस आधीच लहान झालेले असतात, वेल लवकर फुलावर येतो आणि लहानच राहतो. त्यामुळे आत्ता लावणाऱ्यांनी शेजाऱ्याचा पावसाळ्यातला दांडगा मांडव बघून तसलाच घालायची अजिबात गरज नाही, पाच-सहा फुटांच्या काठ्या पुरतात. आणि ज्यांचा जूनचा वेल आधीच मांडवावर आहे त्यांनी आत्ताच खालचे डांब, म्हणजे खांब, हलवून बघा, पावसात बुडं कुजलेली असतात आणि शेंगांचा भार अजून यायचाय.

दुसरी गोष्ट म्हणजे वाटाणा आणि घेवडा एकसारखे चढत नाहीत. वाटाण्याच्या पानाच्या टोकाला दोऱ्यासारखे बारीक ताणे येतात आणि ते जे हाताला लागेल ते धरतात, पण त्यांना बारीकच वस्तू धरता येते. अंगठ्याएवढ्या जाड गुळगुळीत बांबूला वाटाणा टेकून राहतो पण धरत नाही, वारा आला की घसरून खाली. घेवडा, वाल, पावटा, वेली चवळी यांना ताणे नसतात, त्यांचं खोडच आधाराभोवती पीळ घेत वर जातं. सकाळी घेवड्याच्या मोकळ्या शेंड्याला एक काडी लावून खूण करा आणि तासाभराने येऊन बघा, शेंडा दुसरीकडेच तोंड करून असतो, उबदार दिवशी साधारण दोन तासांत त्याची एक अख्खी फेरी होते. तो आधार शोधत फिरतोय. वरून बघितलं तर ही फेरी घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने असते, म्हणून हाताने वेल चढवताना त्याच दिशेने गुंडाळा. उलटा गुंडाळला तर दुसऱ्या दिवशी सुटून खाली लोंबतो आणि आपल्याला वाटतं वाऱ्याने पडला.

वाटाण्यासाठी सगळ्यात चांगला आणि फुकटचा आधार म्हणजे तुराट्या, तुरीच्या वाळलेल्या काड्या. मळणीनंतर बांधावर रचून ठेवलेल्या तुराट्यांतून जास्त फांद्या असलेल्या बाजूला काढा, बुडाला कोयत्याने टोक करा आणि ओळीच्या दोन्ही बाजूंनी वीतभर अंतरावर, आतल्या बाजूला जरा झुकवून, निदान अर्धा फूट आत रोवा, म्हणजे वर फांद्या एकमेकींत अडकून आपोआप जाळी होते. एकही गाठ मारावी लागत नाही. बोनव्हिलासारख्या मध्यम उंचीच्या वाटाण्याला तीन-साडेतीन फूट उंची भरपूर झाली. अर्केललासुद्धा फूट-दीड फुटाची फाटी मिळाली तर शेंगा मातीला टेकत नाहीत, तोडायला सोप्या जातात आणि सडत नाहीत, पुरंदरसारख्या भागात एकरभर वाटाणा बिनआधाराचा करतात ते मजुरी परवडत नाही म्हणून, परसातल्या चार ओळींना तो हिशोब लावू नका. पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्याही अशाच चालतात पण माझं म्हणणं, त्या वापरायच्याच असतील तर एकूण एक बोंड तोडून जाळून टाका, किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी बसलेली असते आणि ती जपून पुढच्या हंगामाला नेऊन द्यायची नाही. निर्गुडीचे, गिरिपुष्पाचे ओले फोक, म्हणजे सरळ फांद्या, रोवाल तर ते फुटतात, पंधरा दिवसांत पाला यायला लागतो. बांधावर फुटले तर उत्तम, पण वाफ्याच्या मध्ये ते वाटाण्याचंच पाणी पितात, तिथे वाळलेलेच फोक घ्या.

घेवडा आणि चवळीला काठी हवी, आणि परसबागेसाठी मला चार काठ्यांचा तंबू सगळ्यात आवडतो. सात-आठ फुटांच्या चार काठ्या, बुडाला तीन फुटांचा चौकोन, प्रत्येक काठी फूटभर आत, वरच्या टोकांची मोट बांधायची, सुतळीचे सात-आठ वेढे बाहेरून आणि तीन-चार वेढे काठ्यांच्या मधून काढून आवळायचे, म्हणजे गाठ सरकत नाही. प्रत्येक काठीच्या बुडाशी आतल्या बाजूने तीन-चार बिया टोका, उगवल्यावर दोन जोमदार ठेवा. बांबू घासून तासून गुळगुळीत करू नका, पेरावर फांद्या छाटल्याचे जे बोटभर खुंट असतात त्याच वेलाच्या पायऱ्या असतात. गुळगुळीत पीव्हीसी पाईप लावायचाच असेल तर त्याला काथ्या गुंडाळून घ्या नाहीतर शेंगांचं वजन आलं की पूर्ण वेल गोळा होऊन खाली बसतो. कोकणात माणगा बांबू मिळत असेल तर तोच घ्या, भरीव असतो, जास्त टिकतो. कारवीच्या काठ्याही छान, सरळ आणि बोटाएवढ्या, पण त्या बाजारात मिळाल्या तर घ्या, जंगलातून उभी कारवी तोडू नका, ती सात वर्षांनी एकदा फुलते आणि बी पाडून मगच मरते, मध्येच तोडली तर पुढचं बी गेलं.

आता मोठा मांडव. इथे सांभाळायला हवं ते वाऱ्यापासून. तीन वर्षांपूर्वी मी वालाची चाळीस फुटांची ओळ केली होती, दहा फुटांवर एक असे बांबू, वर एक तार, त्यावर नायलॉनची जाळी, दिसायला एकदम सुंदर. नोव्हेंबरच्या अखेरीला एका रात्री अवकाळी आला, तासभरच, सकाळी बघितलं तर पूर्ण ओळ पूर्वेला आडवी. जाळी फाटली नव्हती, तार तुटली नव्हती, गाठी जशाच्या तशा. पाचच्या पाच बांबू जमिनीला लागून मोडले होते, अगदी मातीच्या रेषेत, वरून हिरवट-पिवळे धडधाकट आणि त्या दोन बोटांच्या पट्ट्यात काळे, ओले, नखाने खरवडलं तर भुगा निघत होता. फुलांनी भरलेले वेल बुडातून चिरले होते. ती सकाळ मला अजून आठवते. लाकूड खोल मातीत एवढं लवकर कुजत नाही आणि वर हवेतही नाही, ते कुजतं माती आणि हवा मिळते तिथे, कारण ओलही तिथेच आणि हवाही तिथेच. आणि भरलेली जाळी म्हणजे होडीचं शीड असतं, वारा सगळा तिच्यावर घेतला जातो.

तेव्हापासून मी असं करते. बांबू कापून आणले की पंधरा-वीस दिवस ओढ्याच्या पाण्यात दगडाखाली बुडवून ठेवते, त्यातला पिठूळ अंश निघून जातो आणि भुंगा कमी लागतो. मग सुकवून बुडाच्या अडीच फुटांना डांबर. जळकं ऑईल नको, जिथे खायचं पिकवतोय त्या मातीत ते मुरवायचं कशाला. खड्डा दोन फूट, तळाला दगडगोटे, बांबूभोवती खडी-मुरूम ठासून, आणि वर मातीचा उंचवटा, पाणी बुडाशी थांबायलाच नको. दोन डांबांत अंतर सहा ते आठ फूट, त्याहून जास्त नाही. दोन्ही टोकांचे डांब जाड घ्या, बाहेरच्या बाजूला जरा कलते लावा आणि त्यांच्या माथ्यापासून तारेचा ताण मागे चार-पाच फुटांवर पुरलेल्या मोठ्या दगडाला द्या. पूर्ण मांडवाची ताकद या दोन ताणांत आहे, मधले डांब फक्त भार झेलतात. वरची तार 12 गेजची, खालच्या 16 गेजच्या चालतील, गेजचा आकडा मोठा म्हणजे तार बारीक हे दुकानात लक्षात ठेवा. आणि उंची आपल्या हाताची, सहा फुटांवर नको. शेंगा तोडायला रोज स्टूल लागलं की दोन दिवसांनी तोडणी चुकते, शेंगा जून होतात, आणि जून शेंगा वेलावर राहिल्या की नवी फुलं कमी होतात.

जाळी घ्यायची तर भोक चार ते सहा इंचांचं घ्या, आपला हात शेंगेसकट आरपार यायला हवा. आणि जाळीची खालची कड जमिनीपासून हातभर वर बांधा. बारीक भोकाच्या लोळत्या जाळीत धामण अडकते, पुढे जायचा प्रयत्न करते तसा दोरा खवल्यांत रुतत जातो. उंदीर खाणारं जनावर आहे ते, आपल्या जाळीत मरायला नको. कुठलाही साप अडकलेला दिसला तर स्वतः हात घालू नका, सर्पमित्राला बोलवा. जमेल तिथे मी तारेवरून खाली नुसती सुतळी सोडते, प्रत्येक वेलाला एक, बुडाशी छोट्या मेखेला सैल बांधून, वेलाच्या खोडाला कधीच नाही. हिवाळ्यात सुतळी एक हंगाम आरामात निघतो, पावसाळी वेलाला मात्र काथ्या घ्या, सुतळी पावसात कुजून ऐन फुलात तुटते.

जागेचं थोडक्यात सांगते, शेतात ओळी दक्षिणोत्तर ठेवा म्हणजे दोन्ही बाजूंना ऊन मिळतं. छोट्या परसबागेत एकच मांडव असेल तर तो उत्तरेच्या कडेला घाला, हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, सावली उत्तरेला पडते, मग मेथी-कोथिंबिरीचे वाफे सावलीत जात नाहीत. गच्चीवर कुंडीत किंवा ग्रो बॅगमध्ये लावत असाल तर काठी मातीत खोचून भागत नाही, माती हलकी असते, काठीचं वरचं टोक कठड्याच्या ग्रीलला बांधाच.

वेल आधाराच्या माथ्याला पोचला की शेंडा खुडा, बाजूच्या फांद्या फुटतात आणि फुलं हाताच्या उंचीवर येतात. युरियाचा हात आखडता ठेवा, नत्र जास्त झालं की वेल माजतो, नुसता पालाच पाला, आणि मांडवावर फुकटचं वजन. पेरताना बियाला रायझोबियम हे जिवाणू खत चोळलं असेल तर मुळांवरच्या गाठी नत्राचं बरंचसं बघतात. कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा दिसला तर तेवढे शेंडे खुडून बाहेर नेऊन टाका, जास्त असेल तर संध्याकाळी 5 टक्के निंबोळी अर्क. डिसेंबर-जानेवारीत वाटाण्यावर भुरी, म्हणजे पानांवर पांढरी भुकटी दिसणारा रोग, येते, तेव्हा दाट झालेली खालची पानं काढून हवा खेळती करा आणि पाणी पानांवर नाही, बुडाशी द्या. आधारावरच्या वेलाची पानं उलटी करून बघता येतात, त्यामुळे भुरी पहिल्या दोन-चार पानांवर असतानाच सापडते.

रायगडकडे जानेवारीत पोपटी, म्हणजे मडक्यात शेंगा भाजायचा बेत, लागायला लागली, वालाच्या शेंगा भरल्या, की पुढच्या महिना-दीड महिन्यात वेल आटोपायला येतात. तेव्हा वेल उपटू नका, जमिनीलगत कापा, मुळं आणि त्यावरच्या गाठी मातीतच राहू देत. सुतळीसकट वेल खाली ओढून थेट खताच्या खड्ड्यात टाका. बांबू काढून बुडाची माती धुवा, आडवे करून दोन दगडांवर जमिनीपासून उचलून छपराखाली ठेवा, आणि ज्याचं बूड नखाने खरवडता येतंय तेवढं टोक कापून तो बांबू पुढच्या वर्षी घेवड्याच्या तंबूला बाजूला काढा.