‘नस’ म्हणजे नेमकी कुठली? पहिल्या वर्षात मज्जासंस्था शिकताना

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला येणाऱ्यांनो, विशेषतः माझ्यासारखं मराठी माध्यमातून येणाऱ्यांनो, मज्जासंस्थेला हात घालण्याआधी एक शब्द बाजूला ठेवा: नस. आपल्याकडे सलाइन लावायला शोधतात तीही नस, मानेत आखडते तीही नस आणि कंबरेत दबते तीही नसच. यातली पहिली रक्तवाहिनी, दुसरा बहुतेक वेळा स्नायू, आणि खरी नर्व्ह, म्हणजे संदेश नेणारी मज्जातंतूंची जुडी, फक्त तिसरी. हा गोंधळ डोक्यात घेऊनच मी डिसेक्शन हॉलमध्ये शिरले.

हाताचं डिसेक्शन चालू होतं. अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट जरा वाकवा. मधोमध दोरीसारखा उठून दिसतो तो पामॅरिस लाँगस या स्नायूचा टेंडन, म्हणजे स्नायूच्या टोकाचा चिवट दोर. त्याच्याच खाली मीडियन नर्व्ह असते. काही जणांना हा टेंडन जन्मतः नसतोच, आणि आमच्या टेबलावरच्या देहाच्या डाव्या हातात तो नव्हता. मला पांढुरकी दोरी दिसली. टेंडन समजून मी ती मोकळी करत गेले, आणि आड येते म्हणून कापली.

मॅडम रागावल्या नाहीत. कापलेलं टोक त्यांनी माझ्या बोटांत दिलं. टेंडन चकचकीत असतो, हाताला टणक लागतो. ही मीडियन नर्व्ह मऊ होती, जरा पिवळसर, आणि कापल्या तोंडाशी तंतूंच्या जुडग्यांचे बारीक ठिपके दिसत होते, जाड केबल कापल्यावर आतल्या तारा दिसाव्यात तसे. शीर असती तर आतून पोकळ असती. मग त्यांनी विचारलं, “हा माणूस जिवंत असता, तर आज त्याच्या हाताचं काय गेलं असतं? आणि ते परत आलं असतं का?” मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. कुणीतरी आपण शिकावं म्हणून देह दिला होता, आणि मी न बघता कात्री चालवली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हापासून प्रत्येक नर्व्हला मी दोन प्रश्न विचारते. हिच्या पेशी कुठे बसल्या आहेत? आणि हिच्या तंतूंना गुंडाळलंय कोणी? मज्जासंस्थेचा निम्मा अभ्यास या दोन प्रश्नांत होतो, असं माझं ठाम मत आहे.

पहिला प्रश्न घ्या. मी मनगटात कापले ते फक्त अक्षतंतू, म्हणजे पेशींच्या लांबलचक शेपट्या. स्नायू हलवणाऱ्या पेशी तिथून हातभर दूर, मानेतल्या मेरुरज्जूच्या (कण्यातून जाणाऱ्या मज्जारज्जूच्या) पुढच्या शिंगात, म्हणजे पुढच्या बाजूच्या करड्या भागात असतात. स्पर्श कळवणाऱ्या पेशी रज्जूच्या शेजारी, डॉर्सल रूट गँगलियन नावाच्या पेशींच्या गाठीत. हिस्टॉलॉजीच्या (सूक्ष्मदर्शकाखाली ऊती बघण्याच्या) प्रॅक्टिकलला या गँगलियनची स्लाइड चुकवू नका. मोठ्या गोल पेशी आणि प्रत्येकीभोवती चिमुकल्या पेशींची माळ. एकदा नीट पाहिली की जन्मात विसरत नाही. पायाच्या पंज्याला जाणारा अक्षतंतू तर सुमारे १ मीटर लांब असतो, आणि त्याची मूळ पेशी नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही.

थेट मेंदूशी जोडलेल्या १२ क्रेनियल नर्व्हजनाही हाच प्रश्न विचारा. नावांची यादी दोन दिवसांत पाठ होते. वेळ द्यायचा तो, पहिल्या दोन सोडून बाकीच्यांची केंद्रकं (पेशींचे पुंजके) ब्रेनस्टेममध्ये, म्हणजे मेंदूच्या देठात, कुठल्या पातळीला आहेत याला.

दुसरा प्रश्न मला जास्त आवडतो. मेंदू आणि मेरुरज्जूत तंतूंना मायलिनचं, म्हणजे चरबीयुक्त पापुद्र्यांचं, वेष्टण घालतात ऑलिगोडेंड्रोसाइट नावाच्या पेशी, एकेक पेशी अनेक तंतूंना. बाहेरच्या नर्व्हजमध्ये ते काम श्वान पेशींचं, आणि एक श्वान पेशी एकाच तंतूचा छोटासा तुकडा गुंडाळते. व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) हा फरक हमखास विचारतात, पण तो व्हायव्हापुरता नाही. नर्व्ह तुटली की श्वान पेशी जुन्या मायलिनची साफसफाई करतात, रांगेत उभ्या राहतात आणि नव्या तंतूला वाट दाखवतात. रज्जूत ही सोय नाही. तिथे मायलिनचे अवशेषच वाढ अडवतात आणि ॲस्ट्रोसाइट नावाच्या आधार देणाऱ्या पेशी व्रणाची भिंत उभी करतात.

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोड भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोमचे) रुग्ण वाढले, तेव्हा घरून सारखे फोन यायचे की हा मेंदूचा आजार आहे का. नाही. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती बाहेरच्या नर्व्हजवर उलटते, बऱ्याचदा त्यांच्या मायलिनवर. पायांतली ताकद जाते, श्वासाचे स्नायूही थकू शकतात, पण माणूस शुद्धीवर असतो. आणि वेष्टण पुन्हा घालणाऱ्या श्वान पेशी असल्यामुळे बरेच जण पुन्हा चालू लागतात. आईला हे फोनवर समजावताना मला धडा खऱ्या अर्थानं कळला. तुम्हीही घरच्या कुणाला तरी मराठीत समजावून बघा. जिथे अडखळाल, तिथे पुस्तक उघडा.

मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर मला इंटर्नशिपमध्ये मिळालं. काचेनं मनगट कापलेला एक रुग्ण. मीडियन नर्व्ह शिवलेली, अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर. तुटलेला तंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो. तपासायचं कसं, तर बोटाकडून मनगटाकडे नर्व्हवर हलक्या टिचक्या मारत यायचं. जिथे झिणझिण्या येतात, तिथवर तंतू पोचलेला असतो. पहिल्या तपासणीत झिणझिण्या टाक्यांजवळच आल्या होत्या. तीन महिन्यांनी मी तळहाताच्या मधोमध टिचकी मारली आणि त्यांनी हात झटकन मागे घेतला. “मॅडम, इथं मुंग्या आल्या,” ते म्हणाले. मी त्या जागी पेनानं खूण केली आणि पुढची तारीख दिली.