कर्करोगविरोधी संयुगांसाठी मातीतले जिवाणू वेगळे करताना

हा विषय प्रकल्पासाठी घेणाऱ्या सांगली-साताऱ्याच्या विद्यार्थ्यांनी आधीच ठरवावे, की हाती यायचे ते औषध नव्हे, तर नीट नोंदवलेला जिवाणू. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ वाक्समन आणि वूड्रफ यांनी १९४० मध्ये स्ट्रेप्टोमायसिस या मातीतल्या जिवाणूपासून मिळवलेले ॲक्टिनोमायसिन हे प्रतिजैविक जंतुसंसर्गावर वापरण्यास फार विषारी ठरले. पुढे तेच मुलांच्या मूत्रपिंडातील विल्म्स ट्यूमरवर उपयोगी पडले.

कृष्णाकाठच्या रानात पालापाचोळा बाजूला सारून १० ते १५ सेंटिमीटर खोलीवरची माती निर्जंतुक चमच्याने घ्यावी आणि पिशवीवर पीक, तारीख व सामू लिहावा. कास पठारावर मात्र वनविभागाच्या परवानगीशिवाय खणू नये. माती काही दिवस सावलीत वाळवावी, मग तासभर ५५ ते ६० अंश सेल्सिअसला ठेवावी. त्यात स्ट्रेप्टोमायसिसचे बीजाणू तगतात आणि इतर पुष्कळ जिवाणू मरतात. त्यानंतर क्रमाने विरल करून स्टार्च केसीन अगार या घट्ट पोषक माध्यमावर पसरावी. बुरशी आवरण्यासाठी त्यात निस्टॅटिन घालावे.

प्लेट २८ अंशाला ७ ते १४ दिवस ठेवाव्यात. तिसऱ्या दिवशी काही दिसत नाही म्हणून त्या टाकून देण्याची घाई अनेकांना नडते. स्ट्रेप्टोमायसिसची वसाहत आधी कातड्यासारखी चिवट व अगारात रुतलेली असते, लूपने (तारेच्या कडीने) सहज सुटत नाही. मग तिच्यावर खडूच्या भुकटीसारखा पांढरा किंवा राखाडी थर चढतो आणि जिओस्मिन या संयुगामुळे पहिल्या पावसाचा वास येतो. रंगद्रव्याची नोंद करावी, पण नुसत्या रंगावर निवड करू नये.

समुद्री जिवाणूंची गोष्ट वेगळी. सॅलिनिस्पोरा ट्रॉपिका या जिवाणूपासून मिळालेले सॅलिनोस्पोरामाइड ए पेशींतील नको असलेली प्रथिने मोडणारी यंत्रणा, म्हणजे प्रोटिअसोम, बंद पाडते. हा जिवाणू बहामाजच्या समुद्रतळातील गाळातून मिळाला आणि त्याच्या वाढीसाठी समुद्राचे पाणी लागते. वाळवा-मिरजेकडची क्षारपड जमीन खारट असली, तरी तिथल्या जिवाणूला अहवालात ‘समुद्री’ म्हणणे चुकीचेच.

जिवाणू वाढवलेल्या द्रवाचा इथाइल ॲसिटेट या द्रावकाने काढलेला अर्क कर्करोगाच्या पेशींवर एमटीटी चाचणीने (जिवंत पेशींचे प्रमाण रंगावरून मोजणारी चाचणी) तपासताना निरोगी पेशी, नुसते द्रावक आणि डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचे औषध ही तिन्ही तुलनेला असावीत, कारण सर्वच पेशी मारणारा अर्क काहीच सिद्ध करत नाही. चाचणीस पाठवण्यापूर्वी प्रत्येक जिवाणू २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशाला, किमान दोन कुप्यांत, जपून ठेवावा.