ड्यूररचा १५१५ चा तारानकाशा आकाशाशी कसा जुळवावा

जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररच्या या तारानकाशाचे काष्ठठसे (लाकडी ठशावरून छापलेली चित्रं) दोन आहेत, एक उत्तर खगोलाचा, दुसरा दक्षिणेचा. सुरुवात उत्तरेच्या नकाशापासून करा, बाराही राशी त्याच्यावरच आहेत. प्रत एवढी मोठी छापा की आकृत्यांमधले बारीक अंक वाचता येतील. हे अंक म्हणजे दुसऱ्या शतकातला खगोलज्ञ टॉलेमी याच्या तारायादीतले, त्या-त्या तारकासमूहातले अनुक्रमांक, आणि सगळं काम त्यांच्यावरच चालतं. सिंहाच्या काळजावरचा ८ म्हणजे मघा.

नकाशाच्या मध्यावर ध्रुवतारा शोधू नका. मध्य म्हणजे कदंब, क्रांतिवृत्ताचा (सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक मार्गाचा) ध्रुव. खगोलीय ध्रुव त्याच्यापासून साडेतेवीस अंश दूर आहे. कडेचं वर्तुळ हे क्रांतिवृत्त आणि केंद्रातून निघालेल्या रेषा दर ३० अंशांवर राशी तोडतात.

आता खरी अडचण. हा नकाशा आकाशाच्या उलटा आहे. ‘लाकडी ठशामुळे चित्र उलटं छापलं गेलं’ हे स्पष्टीकरण सर्रास ऐकू येतं, आणि ते साफ चूक आहे. तसं असतं तर अक्षरंही उलटी आली असती. ती सरळ वाचता येतात. कोरणाऱ्याने ठसा उलटा कोरला तो छापल्यावर सुलटा यावा म्हणूनच. उलटेपणा हेतुपूर्वक आहे: खगोलाचा गोल टेबलावर ठेवून बाहेरून पाहावा तसं हे आकाश काढलंय. म्हणून बहुतेक आकृत्या पाठमोऱ्या दिसतात. टॉलेमीने तारे ‘उजवा खांदा’, ‘डावा पाय’ असे सांगितले होते. आकृती पाठमोरी केल्यामुळे उजवा खांदा उजवाच राहिला. चित्रकाराचं कसब इथे गणिताला धरून चाललंय. अक्षांची मांडणी गणिती श्टाबियसची, ताऱ्यांची स्थानं खगोलज्ञ हाइनफोगेलची, आकृत्या ड्यूररच्या.

खूण सोपी आहे: उत्तर नकाशावर मेष, वृषभ, मिथुन हा क्रम घड्याळाच्या उलट दिशेने जातो. आकाशाकडे पाहताना तो घड्याळाच्या दिशेने हवा.

फोनवर चित्र आडवं पालटून मोकळं होऊ नका. अंक वाचता येत नाहीत आणि उजवा खांदा डावा होतो. ट्रेसिंग पेपर ठेवा, फक्त ताऱ्यांचे ठिपके उतरवा. आकृतीची रेघही काढू नका, नाहीतर डोळा चित्रामागे धावतो. मग कागद उलटा करा आणि मागच्या बाजूने अंक लिहा. एका वेळी एकच तारकासमूह घ्या.

ताऱ्याचा भोग (क्रांतिवृत्तावर मोजलेलं त्याचं स्थान) ताडायचा असेल तर परांचन गतीचा, म्हणजे पृथ्वीचा अक्ष सावकाश फिरल्याने भोग वाढत जातो त्याचा, हिशेब करा: ७२ वर्षांना एक अंश, म्हणजे १५१५ पासून सुमारे सात अंश. मघेचा सायन (वसंतसंपातापासून मोजलेला) भोग तेव्हा १४३ अंशांच्या आसपास होता, आज १५० च्या किंचित पुढे आहे. पंचांगातला निरयन (ताऱ्यांमधल्या स्थिर बिंदूपासून मोजलेला) भोग इथे चालणार नाही. एक-दोन अंशांचा फरक राहिला तर ट्रेसिंगला दोष देऊ नका. मूळ यादीतच तेवढी चूक असते.

दक्षिण नकाशावर राशींचा क्रम घड्याळाच्या दिशेने जातो. तिथे मृगाचं, म्हणजे नकाशावरच्या ओरायन या शिकाऱ्याचं, डोकं वर धरा. अंक २, म्हणजे त्याच्या उजव्या खांद्यावरची काक्षी, उजवीकडे दिसेल. कागद पालटल्यावर ती डावीकडे आली की मृगाचा माग बरोबर लागला.