लेकरू अचानक घाबरायला लागलं तर काय करायचं

आमच्या घरामागं टॉवेलचे यंत्रमाग आहेत, दिवसभर खटखट खटखट चालू असतं आणि माझी लेक जन्मल्यापासून त्याच आवाजात झोपलीय. पण दोन वर्षांची होता होता एक दिवस मी शेंगा चटणीसाठी मिक्सर लावला आणि ती किंचाळत आत पळाली, कॉटखाली जाऊन बसली, दोन्ही हात कानावर. रोजचाच मिक्सर होता. आठ दिवस आधी गड्ड्याला, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेला, नेलं होतं, होम मैदानावरच्या दारूकामात पहिला बार उडाला तेव्हा माझ्या खांद्यात तोंड खुपसून थरथरत होती, ते नंतर माझ्या लक्षात आलं.

दीड ते तीन वर्षांच्या मुलांचं असं होतं. या वयात कल्पना करायची ताकद एकदम वाढते पण खरं काय आणि मनातलं काय हे वेगळं करता येत नाही, म्हणून बाथरूमच्या जाळीतून पाणी जातं तसं आपणपण आत जाऊ असंही त्यांना वाटू शकतं. कालपर्यंत चालणारा अंधार, कुत्रा, कटिंगवाल्याचं मशीन आज नको होतं. मागाचा आवाज सारखा एका लयीत असतो, मिक्सर मात्र न सांगता एकदम ओरडतो, फरक तिथं आहे.

पहिलं काम, जवळ घ्या आणि भीतीला नाव द्या. "मिक्सरचा मोठा आवाज आला ना, भीती वाटली तुला, मी आहे इथं." एवढंच, हळू आवाजात. "काय घाबरतेस, काही नाही होत" असं आपण पटकन म्हणून जातो पण लेकराला तर झालेलं असतं ना काहीतरी, मग त्याला वाटतं आईला कळतच नाही. घाबरट म्हणून हसायचं नाही, पाहुण्यांसमोर तर अजिबात नाही. सासूबाईंनी मीठ-मोहरीनं दृष्ट काढली, काढू द्या, त्या निमित्तानं मांडीवर शांत बसणं होतं. पण "जेव नाहीतर बागुलबुवा येईल", "डॉक्टर सुई टोचतील" हे घरात सगळ्यांनीच बंद करायचं, अगदी आजोबांनीपण, त्यांना प्रेमानं सांगा.

मग आधी सांगायची सवय. मिक्सर, कुकर, पाणी आल्यावरची मोटर, जे काही असेल ते लावायच्या आधी "आता आवाज येणार हं, एक दोन तीन" आणि मगच बटण. तिला लांब जायचं असेल तर जाऊ द्या.

खरा फरक यानंतरच्या गोष्टीनं पडला आणि याला घाई चालत नाही. मी मिक्सरचं वायर काढून भांडं, झाकण सगळं फरशीवर ठेवलं आणि आपली शेंगा निवडत बसले, तिला बोलावलं नाही. पहिल्या दिवशी दारातूनच बघितलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी येऊन झाकणाला बोट लावून पळाली. मग तिनं त्यात स्वतःच्या हातानं चार शेंगदाणे टाकले आणि तोंडानंच "घुर्रर्र" केलं, मीपण केलं, हा खेळ आमचा आठवडाभर चालला. पुढं एकदा बाबांच्या कडेवर दारात उभी राहून ती "तीन" म्हणाली की मी अर्धा सेकंद फिरवायचे आणि "बंद" म्हणाली की लगेच बंद. लगेच म्हणजे लगेच, तिथं एकदा जरी फसवलं तरी सगळं मागं जातं. आवाज आपल्या सांगण्यावर थांबतो हे कळलं की भीतीतली निम्मी हवा जाते.

कुत्रा, जत्रेतला पाळणा, न्हावी, सगळ्याला हेच, लांबून जवळ आणि वेग लेकराचा. बळंच हात धरून कुत्र्याला लावायला नेऊ नका, पण त्या गल्लीनं जाणंच सोडून देऊ नका, कारण पूर्ण टाळलं की भीती पक्की होते.

रात्री घाबरत असेल तर बारीक लाईट ठेवा, झोपायच्या आधी मोबाईल नको, रोज तोच क्रम ठेवा. घर बदललंय, नवीन बाळ आलंय, आजारपण झालंय अशा वेळी भीती जास्त येते, तेव्हा थोडं जास्त चिकटू द्या.

बहुतेक भीती काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत ओसरते. पण खाणं-झोप-खेळ बिघडलं, भीती वाढतच चालली, किंवा येणारे शब्द बोलायचं बंद झालं, नावानं हाक मारून बघत नाही, रोजच्या साध्या आवाजांनाही सारखे कान झाकतंय असं असेल तर वाट बघू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

आणि पुढच्या गड्ड्याला नंदीध्वज, म्हणजे यात्रेच्या मिरवणुकीतल्या उंच सजवलेल्या काठ्या, दिवसा दाखवा, दारूकाम लांबच्या गच्चीवरून. तिथून उजेड आधी दिसतो, आवाज मागून बारीक येतो, आणि मधल्या वेळात "आता येणार हं" म्हणता येतं.