ओढ्याचं पाणी बिघडलंय का, हे स्वतः कसं तपासायचं

पाणी नितळ दिसतं म्हणून ते चांगलं, असं नसतं. गढूळ दिसतं म्हणून वाईट, असंही नसतं. पावसात माती वाहून आल्याने तांबडा झालेला ओढा काही दिवसांत निवळतो, त्यातले मासेही जगतात. उलट खाणीतून झिरपणारं आम्लयुक्त पाणी काचेसारखं नितळ असू शकतं आणि त्यात एक अळीसुद्धा सापडत नाही. म्हणून मोजायला हवं. पण मोजणाऱ्यांचीही एक चूक हमखास होते: वाट सापडेल तिथून, सवड मिळेल तेव्हा एक बाटली भरून आणायची आणि आकडा आला की निकाल देऊन मोकळं व्हायचं. पाणी कुठून आणि किती वाजता घेतलं, यावर तो आकडा पार बदलतो. चुकीच्या वेळी वापरलेल्या महागड्या मीटरपेक्षा योग्य वेळी वापरलेला साधा संच कधीही बरा.

जागा

ज्या नाल्यावर किंवा पाइपवर संशय आहे, त्याच्या वर साधारण ५० ते १०० मीटरवर पहिली जागा धरा. हे पाणी तुमचं माप. खालचे सगळे आकडे याच्याशी ताडून पाहायचे. वरचा नमुना नसेल तर खालच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही, कारण पाणी आधीच बिघडून आलं होतं की नाही, हे कळायला मार्गच राहत नाही.

दुसरी जागा नाल्याच्या तोंडाशी. तिसरी, नाल्याचं पाणी ओढ्यात पुरतं मिसळल्यावर. हे मिसळणं वाटतं तितकं लगेच होत नाही. सांडपाणी बरंच अंतर एकाच काठाला चिकटून वाहत राहतं. दोन्ही काठ आणि मधला प्रवाह अशा तिन्ही ठिकाणी विद्युतवाहकता मोजा, म्हणजे पाण्यातून वीज किती सहज वाहते ते; विरघळलेले क्षार वाढले की ती वाढते. तिन्ही आकडे एकमेकांच्या ५ ते १० टक्क्यांच्या आत आले की पाणी मिसळलं असं समजा, नाहीतर आणखी खाली जा.

चौथी जागा बरीच खाली, शक्य असेल तर काही किलोमीटरवर. ती बहुतेक जण सोडून देतात, आणि नेमकी तिथेच खरी हानी दिसते. मैलापाण्यातले सेंद्रिय पदार्थ जिवाणू खातात आणि ते खाताना पाण्यातला ऑक्सिजन वापरतात. या कामाला तास, कधी दिवस लागतात, आणि तेवढ्यात पाणी पुढे सरकलेलं असतं. त्यामुळे ऑक्सिजन नाल्याच्या तोंडाशी तळ गाठत नाही, खूप खाली गेल्यावर गाठतो आणि मग हळूहळू सावरतो. स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी १९२५ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो नदीच्या अभ्यासातून याचं गणित मांडलं, ते आजही वापरात आहे. नाल्याजवळ मासे पोहताना दिसले म्हणून नाल्याला निर्दोष ठरवू नका.

वेळ

दिवसा शेवाळ आणि पाणवनस्पती ऑक्सिजन सोडतात, रात्री त्याच तो वापरतात. ३० अंश सेल्सियसच्या गोड्या पाण्यात समुद्रसपाटीच्या उंचीवर लिटरला सुमारे ७.६ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. हिरव्यागार तळ्यात दुपारी तीनला हा आकडा १० च्या वर गेलेला दिसू शकतो. कागदावर पाणी उत्तम! त्याच तळ्यात पहाटे २ सुद्धा उरत नाही आणि मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकतात. मासे मरून वर आलेले सकाळी दिसतात, ते यामुळे.

म्हणून दोनदा मोजा: सूर्योदयाच्या जरा आधी आणि दुपारी दोन ते तीनच्या दरम्यान. एकदाच जमणार असेल तर पहाटेच. दोन्ही वेळांत ४-५ मिलिग्रॅमचा फरक आला, तर पाण्यात खतावळ, म्हणजे नायट्रोजन आणि फॉस्फरस, भरपूर येतंय असं समजायला हरकत नाही. जोराचा पाऊस झाल्यावर दोन दिवस थांबा. पावसाळी प्रदूषणच तपासायचं असेल तर मात्र वाढत्या पाण्यातच नमुना घ्या. तोही पुलावरून दोरी-बादलीने, प्रवाहात उतरून नाही.

बाटली भरणं

पाण्यात उतरताना खालच्या बाजूने शिरा आणि तोंड प्रवाहाकडे करून उभे राहा, म्हणजे पायांनी ढवळलेला गाळ तुमच्या मागे वाहून जाईल. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा. मग पालथी धरून २० ते ३० सेंटिमीटर खाली न्या आणि तिथे तोंड प्रवाहाकडे वळवून भरा. पृष्ठभागावरचा तवंग आणि तळाचा गाळ दोन्ही टाळायचे. जिवाणूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली मात्र विसळायची नाही आणि झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही. हातमोजे आणि गुडघाभर बूट घाला. हातापायाला जखम असेल तर उतरूच नका. प्राण्यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो.

ऑक्सिजन

सगळ्यात जास्त सांगणारी तपासणी हीच. मीटर असेल तर आधी दमट हवेत कॅलिब्रेट करा, म्हणजे त्याचा आकडा माहीत असलेल्या मापाशी जुळवून घ्या, आणि ठिकाणाची उंची भरा; १,००० मीटर उंचीवर पाण्यात मावणारा ऑक्सिजन सुमारे ११ टक्के कमी असतो. पडदा असलेला जुन्या पद्धतीचा प्रोब स्वतःच ऑक्सिजन खातो, म्हणून तो पाण्यात हलवत ठेवावा लागतो. स्थिर धरला की आकडा घसरत जातो आणि नसलेलं प्रदूषण दिसतं.

मीटर नसेल तर १८८८ मध्ये लायोश विंकलर यांनी शोधलेली पद्धत वापरा. अचूकपणात ती आजही मागे नाही. घासलेल्या काचेचं बूच असलेली ३०० मिलिलिटरची बाटली पाण्याखालीच भरा, टिचक्या मारून बुडबुडे काढा आणि तिथेच बूच लावा. बाहेर काढल्यावर पिपेटचं टोक पृष्ठभागाखाली धरून १ मिलिलिटर मँगनीज सल्फेट आणि १ मिलिलिटर अल्कली-आयोडाइड-अझाइड घाला, बूच लावून बाटली १०-१५ वेळा उलटीसुलटी करा. आता नीट बघा: खाली बसणारा साका तपकिरी असेल तर ऑक्सिजन आहे, आणि जितका गडद तितका जास्त. साका दुधासारखा पांढरा राहिला तर पाण्यात ऑक्सिजन जवळपास नाही. पुढचं काहीही न करता एवढं तरी तिथल्या तिथे कळतं.

साका अर्ध्यापर्यंत बसला की पुन्हा हलवा, पुन्हा बसू द्या. मग १ मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल घाला, साका विरघळून पाणी सोनेरी होईल. यातलं २०० मिलिलिटर पाणी घेऊन ०.०२५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटने टायट्रेट करा, म्हणजे ते मोजून थेंबथेंब घालत जा. रंग फिकट गवती झाला की स्टार्च घाला, निळं होईल; निळा रंग जाईपर्यंत जितके मिलिलिटर लागले, तितके मिलिग्रॅम ऑक्सिजन लिटरला. स्टार्च आधीच घातला तर तो आयोडीन धरून ठेवतो आणि आकडा चुकतो. आम्ल घातलेली बाटली अंधारात ठेवून आठ तासांत टायट्रेट केली तरी चालते. अझाइड विषारी आहे आणि आम्ल भाजतं, त्यामुळे चष्मा आणि हातमोजे नसतील तर ही पद्धत करूच नका. उरलेलं ओढ्यात ओतू नका, डब्यात साठवून प्रयोगशाळेला द्या.

५ च्या वर बहुतेक मासे निभावतात, ३ च्या खाली हैराण होतात, २ च्या खाली पाणी गुदमरलेलं.

बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण पचवताना जिवाणू जितका ऑक्सिजन वापरतात तो आकडा, काढायची तर एकाच वेळी दोन बाटल्या भरा. एकीचा ऑक्सिजन लगेच मोजा, दुसरी २० अंशांवर, अंधारात, पाच दिवस ठेवून मग मोजा. फरक म्हणजे बीओडी. अंधार का? उजेडात शेवाळ ऑक्सिजन तयार करतं आणि बीओडी कमी दिसते. पाच दिवसांनी निदान १ मिलिग्रॅम शिल्लक राहायला हवा, आणि नमुना पातळ केलेला असेल तर निदान २ खर्चही व्हायला हवेत, नाहीतर आकडा ग्राह्य नाही. सगळा ऑक्सिजन संपला तर नमुना पातळ करून पुन्हा लावावा लागतो. घरगुती मैलापाण्यासाठी ३०० मिलिलिटरच्या बाटलीत ६ मिलिलिटर नमुना पुरतो, बाकी हवा मिसळलेलं, पोषक क्षार घातलेलं ऊर्ध्वपातित पाणी. स्वच्छ नदीत बीओडी १-२ असते, कच्च्या मैलापाण्यात ती २०० च्या घरात जाते.

पीएच, अमोनिया, नायट्रेट, फॉस्फेट

पीएच ६.५ ते ८.५ च्या आत असावा. मीटर वापरायच्या दिवशी ७ आणि ४ किंवा ७ आणि १० च्या बफरने, म्हणजे ठरावीक पीएचच्या द्रावणाने, कॅलिब्रेट करा. प्रोब कोरडा पडला की मीटर आकडा दाखवत राहतं, पण तो खोटा असतो.

अमोनियाचा आकडा एकटा वाचू नका. त्यातला विषारी भाग पीएचवर ठरतो: २५ अंशांवर पीएच ७ असताना तो एक टक्काही नसतो, ८ ला सुमारे ५ टक्के होतो आणि ९ ला ३६ टक्क्यांवर जातो. म्हणजे सकाळी माशांना सोसलेला तोच अमोनिया, शेवाळाने दुपारी पीएच चढवला की त्यांना मारू शकतो.

नायट्रेटच्या संचावर आकडा कशाचा आहे ते आधी वाचा. काही संच नायट्रेट म्हणून देतात, काही त्यातला फक्त नायट्रोजन. दोन्हींत ४.४ पटींचा फरक आहे. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची ५० मिलिग्रॅमची मर्यादा नायट्रेट म्हणून आहे, नायट्रोजन म्हणून ती ११ च्या आसपास येते. याहून जास्त नायट्रेटचं पाणी तान्ह्या बाळाच्या दुधात घातलं तर रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद घटते आणि बाळ निळं पडू शकतं. उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून वाढतं.

फॉस्फेटच्या बाबतीत थोडकंही पुष्कळ असतं. कॅनडात १९७३ मध्ये डेव्हिड शिंडलर यांनी एका तळ्याचे पडद्याने दोन भाग केले. दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन घातलं, फॉस्फरस एकाच बाजूला. तीच बाजू हिरवी झाली. वाहत्या पाण्यात एकूण फॉस्फरस लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या वर गेला तरी लक्ष द्या. स्वस्त संचांना हा आकडा नीट दिसत नाही, तेव्हा 'शून्य' आलं म्हणून निश्चिंत होऊ नका.

टीडीएस मीटरबद्दल मोठा गैरसमज आहे. ते विद्युतवाहकता मोजून तिला एका गुणकाने गुणतं, बस. जिवाणू, कीटकनाशक, तेल यांतलं काहीही त्याला दिसत नाही. वरच्या आणि खालच्या जागेतला फरक पकडायला मात्र ते फार कामाचं.

दगडाखालचे साक्षीदार

रसायन त्या क्षणाचं सांगतं, किडे मागच्या काही महिन्यांचं. अर्धा मिलिमीटर छिद्रांची जाळी प्रवाहात धरा, तिच्या वरच्या बाजूचे दगड पायाने तीन मिनिटं ढवळा आणि जाळी पांढऱ्या ताटात रिकामी करा. दोन शेपट्यांच्या स्टोनफ्लायच्या अळ्या आणि पोटाच्या कडेला कल्ले हलवणाऱ्या, बहुधा तीन शेपट्यांच्या मेफ्लायच्या अळ्या सापडल्या तर पाण्याला सतत ऑक्सिजन मिळतोय. चतुर आणि टाचण्यांच्या अळ्या मधल्या दर्जाच्या पाण्यातही निभावतात. ताटात नुसते लालभडक किरमिजी जीव वळवळत असतील, तर गोष्ट वेगळी. डासांसारख्या दिसणाऱ्या काही माश्यांच्या अळ्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, त्यामुळे त्या कमी ऑक्सिजनात तगतात. गाळात डोकं खुपसून शेपट्या हलवणारे ट्युबिफेक्स या बारीक लाल कृमींचे झुपके तर मैलापाण्याची खूणच. वरच्या आणि खालच्या दोन्ही जागी दगड, उथळपणा आणि वेग सारखा हवा. खडकाळ जागेची चिखलाशी तुलना केली तर फरक प्रदूषणाचा नसून तळाचा असतो.

आकडे एकत्र वाचताना

अमोनिया जास्त, ऑक्सिजन कमी, गाळ काळा आणि सडक्या अंड्याच्या वासाचा: ताजं मैलापाणी. अमोनिया कमी पण नायट्रेट जास्त: जुनं, वाटेत बरंचसं पचलेलं मैलापाणी, किंवा शेतातून झिरपलेलं खत. यातलं कोणतं ते ठरवायला ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू तपासा, बर्फात ठेवलेला नमुना सहा तासांत प्रयोगशाळेत पोचवा. विद्युतवाहकता एकाएकी उसळली आणि पीएचही हलला, तर कारखान्याचा विसर्ग.

धातू आणि कीटकनाशकं घरच्या संचाच्या आवाक्याबाहेरची. जपानमधल्या मिनामाता इथे मिथाइल पारा मासे-शिंपल्यांत साठत गेला आणि ते खाणाऱ्यांच्या मज्जासंस्थेपर्यंत पोचला. तो आजार १९५६ मध्ये अधिकृतपणे नोंदला गेला. पाण्याच्या एका बाटलीत पारा नगण्य दिसू शकतो, म्हणून अशा संशयात गाळ आणि मासेही तपासायला द्या. धातूंसाठी आम्लाने धुतलेली प्लास्टिकची बाटली आणि पीएच २ च्या खाली जाईल इतकं नायट्रिक आम्ल. कीटकनाशकांसाठी गडद रंगाची काचेची बाटली. तेलासाठी रुंद तोंडाची काचेची, न विसळलेली.

तक्रार करायची असेल तर एकाच दिवशी वर आणि खाली घेतलेल्या जोड्या हव्यात, आणि अशा निदान तीन वेगवेगळ्या दिवसांच्या. प्रत्येक बाटलीवर जागा, तारीख, वेळ, पाण्याचं तापमान, मागच्या तीन दिवसांतला पाऊस आणि नमुना घेणाऱ्याचं नाव तिथल्या तिथे लिहा, घरी जाऊन नाही. दिवसा काहीच सापडत नसेल आणि तरीही किडे गायब असतील, तर विसर्ग रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी होत असणार. अशा वेळी दर १५ मिनिटांनी आकडा साठवणारं वाहकता-मीटर तिसऱ्या जागी दगडाला बांधून आठवडाभर पाण्यात सोडा. आलेखात रोज त्याच सुमाराला शिखर उमटलं की पुढची बाटली घेऊन कधी जायचं, ते कळेल.