चॉपर असो नाहीतर पुस्तक, स्टार बघून मागवताना या चुका टाळा

ऑनलाइन घेताना आपलं ठरलेलंच असतं, पाच स्टार दिसले की कार्टमध्ये टाकायचं, एक स्टार दिसला की पुढं सरकायचं, अन् मधलं कुणी वाचतच नाही. दोरी ओढायचा चॉपर, लसूण सोलायची नळी, रोटी मेकर, तेलाचा स्प्रे असली किचनमधली गंमतीची यंत्रं आणि पुस्तकं, या दोन खरेद्यांत हे जास्त अंगाशी येतं, कारण दोन्ही गोष्टी आठ-पंधरा दिवस हातात राहिल्याशिवाय कळत नाहीत आणि लोक तर पार्सल फोडल्या फोडल्या रिव्ह्यू लिहून मोकळे होतात.

माझं म्हणणं असं की वस्तूच्या आधी लिहिणाऱ्याचं घर बघा. त्याच्याकडं रोज काय शिजतं, पाणी कुठलं, लाईट कशी. लातूर, नांदेड, परभणी, बीड, हिंगोली कुठंही जा, रोजची ज्वारीची भाकर, बोअरचं खारं पाणी आणि खेड्यात असाल तर संध्याकाळी पडणारं व्होल्टेज. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमधल्या कुणी दिलेले पाच स्टार खरेच असतात हो, पण ते त्यांच्या ओट्यासाठी असतात.

पॅकिंगला दिलेले स्टार

"पॅकिंग मस्त, वेळेवर आलं, अजून वापरलं नाही", आणि खाली पाच स्टार. असले रिव्ह्यू मोजायचेच नाहीत. एक स्टारवाल्यांतही निम्मं गाऱ्हाणं कुरिअरवाल्याचं असतं, डबा चेपला, फोन केला नाही, तालुक्याला येऊन घेऊन जा म्हणाला वगैरे. ते पण सोडा. मग जे उरतात त्यातले तीन स्टारवाले आधी वाचा, कारण तो माणूस ना खूश असतो ना चिडलेला, वापरून काय झालं तेवढं सांगतो. क्रम बदलून नवीन रिव्ह्यू वर घ्या, बऱ्याचदा आधीचा माल चांगला असतो, खप वाढला की प्लास्टिक पातळ व्हायला लागतं, पण जुने स्टार तसेच वर दिसत राहतात. "चार महिन्यांनी लिहितेय" असं सुरू होणारा रिव्ह्यू दिसला की तो पूर्ण वाचायचा.

डब्यात कधीकधी एक चिठ्ठी निघते, पाच स्टार द्या, फोटो पाठवा, शंभर रुपये परत मिळवा. ती चिठ्ठी आपल्याला मिळाली म्हणजे आपल्या आधीच्यांनाही मिळालेलीच असणार, मग त्यांच्या स्टारांचं काय समजायचं ते समजा. भारतीय मानक ब्युरोनं २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० नावाचं मानक काढलं, विकत घेतलेले रिव्ह्यू चालायचे नाहीत असं त्यात आहे, पण ते आणलं ऐच्छिक म्हणून. आणि ते "फक्त २ शिल्लक, घाई करा" असतं ना, खोटी घाई लावणं हा प्रकार २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये सरकारनं फसवणुकीच्या तेरा प्रकारांच्या यादीत घातलाय, तरी दिसतोच. घाई करू नका, रात्री कार्टमध्ये ठेवा, सकाळी चहा झाल्यावर बघा.

भाकर होते का, हे कुणीच विचारत नाही

रोटी मेकर. हा विषय जरा मोठा आहे कारण आमच्याकडं याच्याइतकं माळ्यावर गेलेलं दुसरं यंत्र नाही. रिव्ह्यू बघावं तर टम्म फुगलेल्या पोळ्यांचे फोटो. घरी आणलं की दुसऱ्याच दिवशी शेजारीण विचारते, "वहिनी, ह्याच्यात भाकर होते का हो?" अन् उत्तर, "कुठली होते बाई, नुसता चुरा व्हायलाय."

चुरा होणारच. गव्हात ग्लुटेन असतं म्हणून कणकेचा गोळा दाबला की ताणून पसरतो. ज्वारीत ते नाहीच, त्यामुळं गोळ्यावर वरून एकदम दाब आला की कडा फाटतात. हातानं थापताना आपण कडा सांभाळत गोल गोल फिरवत हळूहळू वाढवत नेतो, ते काम यंत्राला जमत नाही. म्हणून रिव्ह्यूत "रोटी", "चपाती" हे शब्द दिसले तर त्यावरून भाकरीचा अंदाज बांधू नका, शोधायच्या जागी ज्वारी, भाकरी, बाजरी असे शब्द टाकून बघा, एकही रिव्ह्यू निघाला नाही तर तेच उत्तर समजा.

आणून बसलाच असाल तर थोडंफार जमवता येतं. पीठ ताजं दळलेलं पाहिजे, जुन्या पिठाची इरी म्हणजे चिकटपणा गेलेला असतो, त्याची भाकर हातानं होत नाही तर यंत्रात काय होणार. आधणाच्या पाण्यात उकड काढून पीठ चांगलं मळायचं, गरम पाण्यानं पिठाला चिकटपणा येतो. गोळा लहान घ्यायचा, हातानं अर्धा थापून मग मध्ये ठेवायचा आणि झाकण दणकन न दाबता हलक्या हातानं एकदाच दाबायचं. भाकर छोटी अन् जाड होते, फुगेल न फुगेल. माझ्या मते एवढं करण्यापेक्षा तवा बरा, पण ज्यांचे हात दुखतात, मनगटाला त्रास आहे, त्यांना पोळीपुरतं हे यंत्र खरंच कामाचं आहे, त्यांनी दिलेले चार स्टार मी खोटे म्हणणार नाही.

"गरमच होत नाही", दोष लाईटचा असतो

एअर फ्रायर, रोटी मेकर, किटली असल्या तापणाऱ्या यंत्रांना एक स्टार देणाऱ्यांत हे गाऱ्हाणं ठरलेलं. आता जरा हिशोब बघा. यंत्रावर १५०० वॅट लिहिलेलं असतं ते २३० व्होल्टला. गावात संध्याकाळी मोटारी चालू झाल्या अन् व्होल्टेज १८० वर आलं तर कॉइलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबानं उतरते, म्हणजे १५०० चे साधारण ९२० वॅट राहतात. मग पुस्तिकेत पंधरा मिनिटं लिहिलेले बटाटे पंचवीस मिनिटांतही कच्चेच निघणार, त्यात यंत्राची काय चूक. दुपारी व्होल्टेज चांगलं असताना एकदा करून बघा, तेव्हा नीट झालं तर यंत्र परत पाठवायची गरज नाही.

दुसरं म्हणजे सॉकेट. १५०० वॅट म्हणजे साडेसहा अँपिअर, घरातला टीव्ही-चार्जरचा छोटा सॉकेट सहा अँपिअरचा. छोट्या पिनेचं अॅडॉप्टर लावून किंवा एक्स्टेंशन बोर्डावर चालवलं की पिना काळ्या पडतात, वास येतो. सोळा अँपिअरच्या मोठ्या सॉकेटशिवाय लावायचंच नाही, ओट्याजवळ तो नसेल तर यंत्राआधी वायरमन बोलवा.

पाण्याचंही असंच. किटली किंवा अंडी उकडायचं यंत्र, रिव्ह्यूत "वर्ष झालं, नव्यासारखं आहे". आमच्याकडच्या बोअरच्या पाण्यावर महिन्याभरात तळाला पांढरा थर बसतो, लोकांना वाटतं कोटिंग निघालं अन् परत करायला धावतात. कोटिंग वगैरे काही नाही, क्षार आहेत. लिंबाचा रस किंवा थोडं लिंबूसत्व पाण्यात टाकून एक उकळी आणा, अर्धा तास तसंच ठेवा, ओतून द्या, दोनदा धुवा. चमच्यानं किंवा तारेच्या घासणीनं खरवडलं की मात्र खरंच खराब होतं.

बारक्या वस्तू, बारकी कारणं

दोरीचा चॉपर जाम होतो तो बहुतेक तिरपी दोरी ओढल्यानं किंवा भांडं गच्च भरल्यानं. कांद्याच्या चार फोडी करायच्या, भांडं अर्ध्याच्या वर भरायचं नाही, झाकण एका हातानं दाबून दोरी सरळ, छोटे छोटे हिसके देत ओढायची. झाकण नळाखाली धरायचं नाही, आत स्प्रिंग असते, पाणी गेलं की गंजते अन् दोरी आत जायची थांबते, ओल्या फडक्यानं पुसलं तरी पुरतं. आणि शेंगदाणे, सुकं खोबरं, वाळली मिरची त्यात टाकू नका, पाती वाकतात. लसूण-शेंगदाण्याच्या चटणीला खलबत्ताच पाहिजे, कितीही स्टार असले तरी.

चार्जिंगचा चॉपर "आला तेव्हापासून बंद" असं कुणी लिहिलं तर त्याच रिव्ह्यूखाली दुसऱ्यानं दिलेलं उत्तर वाचा, बऱ्याचदा झाकण खाचेत नीट बसलेलं नसतं, ते बसल्याशिवाय मोटर सुरूच होऊ नये अशी सोय असते. लसूण सोलायची सिलिकॉनची नळी मोठ्या कोरड्या पाकळ्यांना चालते, गावरान लसणाच्या बारक्या पाकळ्या आतल्या आत नुसत्या फिरतात. पिशव्या सील करायचं छोटं यंत्र पातळ प्लास्टिकला ठीक, सेल काढून ठेवले नाहीत तर उतरलेले मिळतात.

तेलाचा स्प्रे मात्र आमच्याकडं हमखास बंद पडतो आणि त्याचं कारण रिव्ह्यूत सापडत नाही कारण लिहिणारे रिफाइंड तेल भरतात. आपण घाण्यावरचं करडईचं नाहीतर शेंगदाण्याचं तेल भरतो, त्यात तळाला गाळ असतो, तो बारीक भोकात बसतो. तेल दोन दिवस स्थिर ठेवून वरचं निवळलेलं पातळ कापडातून गाळून भरा. बंद पडलाच तर गरम पाण्यात भांडी घासायचं लिक्विड टाकून तेच भरून फवारत राहा, मोकळा होतो, मग पूर्ण वाळवूनच तेल भरा. सुई घालू नका, भोक मोठं झालं की फवारा जाऊन धार लागते.

पुस्तकांचे स्टार कुठल्या आवृत्तीचे?

पुस्तकांत सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. साइटवर एकाच पानावर जुनी आवृत्ती, नवी आवृत्ती, इंग्रजी मूळ आणि मराठी अनुवाद यांचे रिव्ह्यू एकत्र टाकलेले असतात. दहा हजार लोकांनी वाखाणलेलं पुस्तक म्हणून मागवावं तर ते दहा हजार इंग्रजीचे असतात, अनुवाद मात्र असा निघतो की वाक्य संपेपर्यंत कर्ता विसरायला होतं. नमुन्याची पानं असतील तर दोन तरी पानं मोठ्यानं वाचून बघा, अनुवादकाचं नावच दिलेलं नसेल तर मी तरी घेत नाही.

स्पर्धा परीक्षा आणि नीटवाल्या पोरांनी तर फार जपून. लातुरात गंजगोलाईच्या आसपास कुणालाही विचारा, नीटचा अभ्यासक्रम २०२४ च्या परीक्षेपासून कमी झाला, काही धडेच गेले. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. म्हणजे २०२१ मध्ये कुणी "एवढं एकच पुस्तक बास" असं लिहिलं असेल तर ते पर्यायवाल्या परीक्षेबद्दल लिहिलंय, त्याचा आता उपयोग नाही. रिव्ह्यूची तारीख बघा, आवृत्तीचं वर्ष बघा, आणि पुस्तकावर छापलेला तेरा आकडी ओळख क्रमांक, म्हणजे आयएसबीएन, दुकानातल्या किंवा मित्राकडच्या प्रतीशी जुळवून मगच पैसे भरा.

आयएसबीएन जुळला म्हणजे प्रत अस्सल, असं मात्र नाही, नकली छापणारे तोही तसाच छापतात. साडेचारशेचं पुस्तक दीडशेला मिळायलंय तर थांबा. रिव्ह्यूतले फोटो मोठे करून बघा, फिकट शाई, मागच्या पानावरचं अक्षर पुढं दिसणं, मुखपृष्ठ वाकडं कापलेलं, किमतीवर चिकटवलेलं स्टिकर. छत्रपती संभाजीनगरला जाणं होत असेल तर औरंगपुऱ्यातल्या दुकानांत हातात घेऊन बघता येतं, साहित्य संमेलनातलं प्रदर्शनही त्यासाठी झकास, २०२२ मध्ये उदगीरला झालं तेव्हा चाळून, निवडून घ्यायची सोय अगदी दारात आली होती.

पुस्तक आलं की त्याच दिवशी पान क्रमांक चाळा. पुस्तक फर्म्या-फर्म्यानं छापतात, साधारण सोळा पानांचा एक फर्मा, बांधणीत चूक झाली तर सोळाच्या सोळा पानं गायब किंवा डबल. लोक कपाटात ठेवतात, दोन महिन्यांनी वाचायला घेतात, एकशे बारा नंतर थेट एकशे एकोणतीस, तोवर परत करायची मुदत गेलेली. पावसाळ्यात पार्सल भिजून आलं तर आधी फोटो काढा, तक्रार टाका, अन् परत घेतच नसतील तरच ते पंख्याखाली उभं उघडून ठेवा, पानांमध्ये कोरे कागद घाला. उन्हात वाळवलं की पानं लाटांसारखी होतात.

परत घेत नाहीत तेव्हा

ऑर्डर करायच्या आधी "परत" आणि "बदलून" यातलं काय लिहिलंय ते वाचा, बऱ्याच किचनच्या वस्तू फक्त बदलून मिळतात, पैसे नाही. आपल्या पिनकोडवरून परत न्यायला माणूस येतो का तेही बघा. पार्सल फोडताना सलग व्हिडिओ काढा, वरचं लेबल दिसलं पाहिजे. कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका, तिथं भामटे बसलेले असतात, अॅपमधूनच बोला, पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन करा.

तिथं दाद लागली नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, ऑर्डर नंबर, बिल, फोटो हाताशी घेऊन बसा. त्याच्या पुढं जिल्हा ग्राहक आयोग, २०१९ च्या कायद्यानं तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे हिंगोलीच्या माणसाला विक्रेता दिल्लीत आहे म्हणून दिल्लीला जायचं काम नाही, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षं. अडीचशेच्या स्प्रेसाठी कुणी आयोगात जाणार नाही म्हणा, पण एअर फ्रायरचं बिल असेल तर जपून ठेवा, थर्मल कागदावरचं असेल तर फोटो काढून, कारण त्याची अक्षरं वर्षभरात उडून जातात.